रिकाम्या शोधांची यादी : पुण्यातील एका स्टार्टअपमधील माझी सहा महिन्यांची इंटर्नशिप

उन्हाळ कांदा (धागालेखिका)

संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे शेवटचे सत्र मी पुण्यात बाणेर येथील एका स्टार्टअपमध्ये इंटर्न म्हणून काढले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रुजू झाले आणि जूनअखेर बाहेर पडले. कंपनीचे नाव मी लिहिणार नाही, कारण पुढे काही तक्रारीच्याही गोष्टी येणार आहेत आणि ज्यांच्याविषयी त्या आहेत ती माणसे या मंचावर उत्तर द्यायला हजर नाहीत. माझ्यासह तेथे १३ जण होते. शेतमालाचे बाजारभाव मराठीतून मोबाईलवर दाखवणे हे त्यांचे मुख्य काम. मी निफाड तालुक्यातली, घरी कांदा आणि थोडी द्राक्षे आहेत, त्यामुळे मुलाखतीत "सर्वसाधारण दर म्हणजे काय?" असे विचारले तेव्हा मला विचार करावा लागला नाही. ज्या दराने सर्वाधिक माल विकला गेला तो सर्वसाधारण दर; किमान आणि कमाल दरांची ती सरासरी नव्हे. माझी निवड बहुधा या उत्तरामुळेच झाली, कारण त्याच मुलाखतीतील ट्री ट्रॅव्हर्सलचा (झाडासारख्या फांद्यांत मांडलेली माहिती क्रमाने वाचण्याचा) प्रश्न मला अर्धाच सोडवता आला होता.

पहिल्या दिवशी माझ्या हाती एक फाइल आली. लोकांनी ॲपच्या शोधपेटीत जे शब्द लिहिले आणि ज्यांना काहीच उत्तर मिळाले नाही, त्या शब्दांची ती यादी होती. प्रत्येक शब्दापुढे तो किती वेळा लिहिला गेला याचा आकडा होता. कंपनीत तिला "रिकामे शोध" म्हणत. ज्या ज्येष्ठ अभियंत्या माझ्या मार्गदर्शक होत्या त्यांनी सांगितले, "दोन दिवस ही यादी नुसती वाच. कोडला हात लावू नकोस." त्या वेळी मला हे वेळ घालवणे वाटले होते. महाविद्यालयात आम्हाला प्रश्न नेमका मांडून मिळत असे आणि उत्तर तेवढे काढायचे असे. येथे प्रश्न कोणता आहे हेच यादीतून शोधायचे होते.

यादीत "ॲपल बोर" वरच्या क्रमांकावर होते. डेटाबेसमध्येही "ॲपल बोर" होते. पडद्यावर दोन्ही शब्द एकमेकांशेजारी ठेवले तरी फरक दिसत नव्हता. तो दिसण्यासाठी अक्षरांचे युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षर ज्या ठरलेल्या क्रमांकाने साठवतो ते क्रमांक, पाहावे लागले. आपला "ॲ" दोन प्रकारे लिहिला जातो: एक स्वतंत्र अक्षर म्हणून, आणि दुसरा "अ"वर चंद्र जोडून. स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीची सामग्री आणि काही कीबोर्ड अजून दुसऱ्या पद्धतीचे आहेत, आणि युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची ठरलेली पद्धत) या दोन रूपांना एक मानत नाही. शिवाय काही जण हिंदी कीबोर्डवरील "ऍ" वापरतात. एकच बोर विकणारी तीन माणसे तीन वेगवेगळे शब्द लिहीत होती आणि त्यांपैकी दोघांना आम्ही "माहिती उपलब्ध नाही" असे सांगत होतो. "कैऱ्या" या शब्दाचेही तसेच. त्यातला अर्धा र काही कीबोर्ड "ऱ" या स्वतंत्र अक्षरापासून बनवतात, तर काही साध्या "र"ला हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर लावून बनवतात.

माझा पहिला उपाय चुकला. फ्रेंचसारख्या भाषांत अक्षरांवरची चिन्हे काढून शोध सोपा करण्यासाठी एक छोटा कोड सर्वत्र वापरला जातो. तो मी जसाच्या तसा उचलला. तो युनिकोडमधील "जागा न व्यापणारी चिन्हे" या वर्गातल्या सर्व खुणा गाळतो. देवनागरीतील उकार, "ए" आणि "ऐ"च्या मात्रा, अनुस्वार आणि हलन्त याच वर्गात मोडतात; काना, दोन्ही वेलांट्या, "ओ" आणि "औ" मात्र मोडत नाहीत. मी "कांदा" लिहून पाहिले, कांदा सापडला, म्हणून मी काम पूर्ण झाल्याचे कळवले. तासाभरात पुल रिक्वेस्टवर (माझा कोड मूळ कोडमध्ये घ्यावा या विनंतीवर) मार्गदर्शकांचा शेरा आला. त्यांनी माझ्या कोडमधून तीन शब्द चालवून त्यांचे निकाल खाली लिहिले होते: "मूग"चे "मग" झाले होते, "केळी"ची "कळी" आणि "तूर"चे "तर". शोधलेला शब्द आणि साठवलेला शब्द या दोघांची सारखीच मोडतोड होत असल्यामुळे ते एकमेकांना सापडत होते, एवढेच. शेवटी त्यांनी लिहिले होते, "हे चालते आहे, पण चुकीच्या कारणाने चालते आहे."

त्या ४० ओळींच्या कोडवर एकूण २३ शेरे होते. त्या रात्री मी खोलीवर जाऊन रडले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता त्यांनी मला शेजारी बसवले आणि प्रत्येक शेऱ्यावर आम्ही बोललो. एका चलाला (व्हेरिएबलला) मी दिलेले नाव वाचून त्यात काय साठवले आहे ते त्यांना कळले नव्हते. एका ठिकाणी मी चूक पकडून ती गिळून टाकत होते, त्यामुळे ती लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, कधीच दिसली नसती. महाविद्यालयात माझ्या चार वर्षांच्या प्रयोगवह्यांवर सह्या झाल्या आहेत, गुणही चांगले मिळाले आहेत. पण मी लिहिलेला कोड पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दुसऱ्या माणसाने वाचला, असे माझ्या बाबतीत त्या दिवशी पहिल्यांदा घडले. सहा महिन्यांत मी जे काही शिकले त्याचे मूळ या वाचण्यात आहे, असे माझे मत झाले आहे, आणि हा धागा काढण्याचे कारणही तेच आहे.

याचा पुरावा मला उलट बाजूनेही मिळाला. यादीत "कांद्याचा भाव", "तुरीचे दर" असे शोध पुष्कळ होते. मार्चमध्ये मी नियम लिहिला की शब्दाच्या शेवटी चा, ची, चे, च्या किंवा ला आला तर तो काढून टाकावा. त्या आठवड्यात मार्गदर्शक रजेवर होत्या. दुसऱ्या एका सहकाऱ्याने कोड वरवर पाहून मंजूर केला आणि सकाळी अकराच्या सुमारास तो सर्व्हरवर गेला. दुपारी तीन वाजता नंदुरबारच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला की मिरचीचे भाव दिसत नाहीत. माझ्या नियमाने "मिरची"तला "ची" काढून टाकला होता. चार तास महाराष्ट्रात ज्याने ज्याने आमच्याकडे मिरची शोधली त्याला रिकामे पान दिसले.

कोड मागे घ्यायला दहा मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत कोण चुकले यापेक्षा चूक पुढे कशी गेली यावरच बोलणे झाले. त्यातून एक चाचणी तयार झाली, जी आजही तेथे प्रत्येक बदलापूर्वी चालते: यादीतील प्रत्येक पिकाचे नाव शोधले असता ते नाव स्वतःला सापडलेच पाहिजे. चाचणी किती साधी असू शकते आणि तरी किती राखू शकते, हे मला त्या दिवशी समजले.

नियमांचा नाद मात्र आम्ही सोडला. शाळेत शिकलेले सामान्यरूप येथे समोर उभे राहिले: कापूस पण कापसाचा, गहू पण गव्हाचा, तांदूळ पण तांदळाचा, लसूण पण लसणाचा. असे नियम आणि त्यांचे अपवाद कोडमध्ये बसवण्यापेक्षा, पिकांची नावे मोजकीच असल्याने, प्रत्येकाची सर्व रूपे हाताने लिहून तक्ता करावा असे ठरले. तो मी तीन आठवडे करत होते. त्यात कसलीही हुशारी नव्हती, आणि सहा महिन्यांतील माझ्या सर्व कामांत तेच काम सर्वाधिक उपयोगी ठरले.

मे महिन्यात दोन दिवस घरी गेले तेव्हा ॲप वडिलांना दाखवले. उन्हाळ कांद्याचे दिवस होते. त्यांनी लासलगावचा भाव पाहिला आणि म्हणाले, "हा आजचा लासलगावचा नाही, विंचूरचा दिसतोय." त्यांचे बरोबर होते. सरकारी आकडेवारीत लासलगाव, लासलगाव (निफाड) आणि लासलगाव (विंचूर) अशा तीन नोंदी येतात. आमच्या जुन्या कोडमध्ये कंसातला मजकूर "अनावश्यक" म्हणून काढून टाकला जात होता, आणि तिन्हींपैकी जी नोंद शेवटी येईल ती लासलगाव म्हणून दाखवली जात होती. ट्रॅक्टर कोणत्या आवारात न्यायचा हे घरात सकाळी यावरून ठरते. कंस काढणाऱ्या अभियंत्याला दोष देण्यासारखे काही नव्हते, कारण बाणेरमध्ये बसून त्या कंसाचे मोल कळण्याचा मार्गच नव्हता. मी जे शिकून गेले होते त्यापेक्षा मी जेथून गेले होते ते तेथे जास्त कामी आले, याचा मला आजही अभिमान वाटतो.

आता तक्रारी. एप्रिलचे स्टायपेंड १९ दिवस उशिरा आले, कारण गुंतवणुकीचा हप्ता लांबला होता. संस्थापकांनी हे सर्वांना समोर बसवून सांगितले, पण घरभाडे त्यामुळे थांबत नाही. दुसरी तक्रार माझ्याबरोबर रुजू झालेल्या दुसऱ्या इंटर्नविषयी आहे. तो माझ्यापेक्षा चांगला प्रोग्रॅमर होता. त्याला विक्री विभागाच्या मदतीला दिले आणि सहा महिने तो गुंतवणूकदारांसाठी सादरीकरणाची पाने बनवत राहिला. त्याने सुरुवातीला लिहिलेला कोड तसाच पडून राहिला; तो कोणी वाचला नाही, नाकारलाही नाही. एकाच कार्यालयात, सारख्याच नियुक्तीपत्रावर, आम्हा दोघांच्या दोन वेगळ्या इंटर्नशिप झाल्या. आम्हा दोघांना सारखेच प्रमाणपत्र मिळाले.

म्हणून येथील अनुभवी मंडळींना विचारते: आपले काम वाचणारे कोणी तेथे आहे की नाही, हे रुजू होण्यापूर्वी विद्यार्थ्याने कसे ओळखावे?

जुना प्रोग्रॅमर

लेख दोनदा वाचला. मी या क्षेत्रात युनिकोडपूर्व काळात आलो. तेव्हा प्रत्येक मराठी फाँटची स्वतःची सांकेतिक मांडणी असे आणि एका संस्थेचा मजकूर दुसरीकडे उघडला की निरर्थक चिन्हे दिसत. इस्की हे भारतीय प्रमाणक १९९१ सालचे आहे, पण डीटीपीच्या (छपाईसाठी संगणकावर मजकूर जुळवणाऱ्या) दुकानांतील बहुतेक मजकूर त्यात नव्हताच. त्या वेळी बिघाड निदान डोळ्यांना दिसत असे. तुम्ही वर्णन केलेला बिघाड अधिक कठीण आहे, कारण दोन शब्द सारखे दिसतात आणि सारखे नसतात.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या अनुभवातून देतो. मुलाखतीच्या शेवटी "तुम्हाला काही विचारायचे आहे का?" असे हमखास विचारतात आणि मुले संकोचाने "नाही" म्हणतात. तेथे एकच प्रश्न विचारावा: "मागच्या इंटर्नने लिहिलेला कोड कोणी वाचला, आणि तो आज कोठे आहे?" जेथे वाचतात तेथे समोरचा माणूस लगेच एखाद्या माणसाचे नाव घेतो आणि एखादी गोष्ट सांगतो. जेथे वाचत नाहीत तेथे "आमच्याकडे शिकायला खूप मिळते" असे सर्वसाधारण उत्तर येते. मी स्वतः गेली अनेक वर्षे इंटर्न घेतो. मला हा प्रश्न आजवर फक्त दोघांनी विचारला आहे.

एक गोष्ट मात्र दुसऱ्या बाजूचीही आहे. २३ शेरे लिहायला आणि त्यावर बोलायला त्या बाईंचा किमान दीड दिवस गेला असेल. १३ माणसांच्या कंपनीत हा दीड दिवस कोणाच्या तरी अन्य कामातून काढलेला असतो. जेथे हे होते तेथे एखाद्या व्यक्तीने ते अंगावर घेतलेले असते. कंपनीचे धोरण म्हणून ते होताना मी क्वचितच पाहिले आहे. म्हणून कंपनी निवडताना आपण प्रत्यक्षात त्या व्यक्तीची निवड करत आहोत, हे ध्यानात ठेवावे.

खडकवासला

मी तुमच्या त्या दुसऱ्या सहकाऱ्याच्या जागी होतो. वेगळी कंपनी, वेगळे वर्ष. सहा महिने बिनपगारी. पहिल्या महिन्यात मला ग्राहकांच्या तक्रारी नोंदवण्यासाठी एक पॅनेल तयार करायला सांगितले. मी रात्री जागून ते केले. दर सोमवारी मी "झाले आहे, पाहता का?" असे विचारत असे आणि दर सोमवारी "या आठवड्यात पाहतो" असे उत्तर मिळे. चौथ्या महिन्यात कंपनीने आपला मार्गच बदलला आणि ते पॅनेल लागणार नाही असे ठरले. कोणी ते एकदाही उघडले नव्हते. उरलेले दोन महिने मी एक्सेलमध्ये पत्ते दुरुस्त केले.

माझे नुकसान किती झाले हे मला नोकरी लागल्यावर कळले. पहिल्या नोकरीत माझ्या कोडवर पहिला शेरा आला तेव्हा मी तो अपमान समजलो आणि वाद घातला. शेरा म्हणजे काय, तो कसा घ्यायचा, कोठे मान्य करायचे आणि कोठे आपले म्हणणे धरून ठेवायचे, हे मला कोणी शिकवलेच नव्हते. ते शिकायला पुढे वर्ष गेले.

लातूरकर आई

माझी मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिला पुण्याच्या एका स्टार्टअपकडून बोलावणे आले आहे. तुमच्या लेखातला कोडचा भाग मला सगळा कळला असे म्हणत नाही, पण मिरचीचा कळला. मला खर्चाचे विचारायचे आहे. ते महिना आठ हजार देतो म्हणतात. एवढ्यात पुण्यात भागते का? आणि उशीर झाला तेव्हा तुम्ही काय केलेत?

उन्हाळ कांदा

काकू, मोकळेपणाने आकडे सांगते. मला महिना १०,००० रुपये मिळत होते. बालेवाडीत तिघींच्या खोलीत कॉट बेसिसवर ६,५०० रुपये आणि दोन वेळच्या डब्याचे ३,२०० रुपये जात. उरलेल्या ३०० रुपयांत महिना निघत नाही, म्हणजे घरून दरमहा थोडेफार येतच होते. पहिल्या महिन्यात खोलीची अनामत रक्कम वेगळी भरावी लागली. आठ हजारांत बाणेर-बालेवाडी भागात राहणे जमणार नाही. नातेवाइकांकडे किंवा विद्यार्थिनींच्या वसतिगृहात सोय होत असेल तर गोष्ट वेगळी.

एप्रिलमध्ये उशीर झाला तेव्हा वडिलांनी पैसे पाठवले. तो कांदा काढणीचा आणि मजुरी चुकती करण्याचा महिना होता, त्यामुळे ते पैसे मागताना मला फार जड गेले. माझ्या वर्गातील एका मुलीने याच कारणासाठी इंटर्नशिप नाकारली आणि गावाजवळच्या संगणक केंद्रात शिकवायला सुरुवात केली. ती माझ्याहून कमी पात्र नव्हती. ज्यांना घरून पाठबळ नाही त्यांच्यासाठी ही दारे मुळातच बंद राहतात, आणि हे मला अन्यायाचे वाटते.

तुमच्या मुलीला रक्कम, ती देण्याची तारीख आणि कामाचे स्वरूप पत्रात लिहून घ्यायला जरूर सांगा. माझ्या पत्रात तारीख नव्हती.

नियमपुस्तक

लिहून घेण्याच्या मुद्द्याला जोड देतो. इंटर्न आणि शिकाऊ उमेदवार यांत कायद्याने फरक आहे आणि तो विद्यार्थ्यांना सांगितला जात नाही. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे. तेथे नोंदणीकृत करार होतो आणि किमान विद्यावेतन नियमांनी ठरलेले असते. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारकही त्यात आले. २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. ४ ते २९ माणसांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक आहे. १३ जणांची कंपनी या दुसऱ्या गटात येते. साध्या पत्रावर घेतलेल्या इंटर्नला या कायद्याचे संरक्षण आपोआप मिळत नाही, त्यामुळे त्या पत्रात जे लिहिले आहे तेच त्याच्या हाती राहते. "मान्यताप्राप्त स्टार्टअप" या शब्दाने पालकांनी निर्धास्त होऊ नये. ती मान्यता कंपनीचे वय, उलाढाल आणि कामातील नावीन्य यांवर मिळते, इंटर्नच्या मोबदल्याशी तिचा संबंध नाही.

दुसरी गोष्ट लिहिलेल्या कोडच्या मालकीची. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या किंवा शिकाऊ उमेदवारीच्या करारान्वये केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळे काही ठरले नसेल तर, काम देणारी संस्था असते. इंटर्नच्या बाबतीत पत्रातील शब्दांना म्हणूनच महत्त्व येते. पुढच्या मुलाखतीत कोडचा कोणता भाग दाखवता येईल, हे निघण्यापूर्वी ईमेलवर विचारून ठेवावे.

वर्गावरून

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि गेली काही वर्षे इंटर्नशिपचे काम माझ्याकडे आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात तृतीय वर्ष संगणक अभियांत्रिकीच्या सहाव्या सत्रात इंटर्नशिपला ४ श्रेयांक (क्रेडिट) दिले गेले. काही स्वायत्त महाविद्यालये शेवटचे पूर्ण सत्रही त्यासाठी देतात. धागालेखिकेचे तसेच असावे. श्रेयांक आल्याबरोबर कागदपत्रे आली: साप्ताहिक दैनंदिनी, उपस्थितीचा दाखला, कंपनीच्या शिक्क्याचे प्रमाणपत्र, कार्यालयातील छायाचित्र. यांतील प्रत्येक कागद मी स्वतः तपासतो.

तुमचा लेख वाचल्यावर मी काल मागील वर्षाच्या ३४ दैनंदिन्या पुन्हा काढून पाहिल्या. "आज अमुक मॉड्यूल पूर्ण केले" अशी वाक्ये जवळजवळ प्रत्येकीत आहेत. कोणीतरी काम तपासून काही सांगितले, अशी नोंद फक्त पाच दैनंदिन्यांत सापडली. उरलेल्या २९ विद्यार्थ्यांना कोणी काही सांगितले नाही, की आम्ही ते कधी विचारलेच नाही म्हणून त्यांनी लिहिले नाही, हे आज सांगता येत नाही, आणि ही उणीव आमची आहे. विभागप्रमुखांपुढे मी असा प्रस्ताव ठेवणार आहे की छायाचित्राची अट काढून त्याऐवजी विद्यार्थ्याने आपल्या कामावर आलेले तीन शेरे आणि त्यानंतर केलेला बदल जोडावा. गोपनीयतेचा प्रश्न आला तर कोड न जोडता शेऱ्याचा आशय लिहिला तरी चालेल. ज्याच्याकडे तीन शेरे नसतील त्याचे गुण कापायचे नाहीत. त्या कंपनीत पुढच्या वर्षी विद्यार्थी पाठवायचे की नाही, हे त्यावरून ठरवायचे.

प्रयोगवह्यांविषयी तुम्ही जे लिहिले आहे ते मला लागले, आणि ते खरे आहे. ७० विद्यार्थ्यांच्या तुकडीत प्रत्येकाचा कोड ओळीने वाचणे एका शिक्षकाला जमत नाही. परंतु विद्यार्थ्यांनी एकमेकांचा वाचावा आणि आम्ही त्यांचे शेरे तपासावेत, एवढे या सत्रापासून नक्की करता येईल.

जुना प्रोग्रॅमर

सर, एकमेकांचा कोड वाचण्याची कल्पना उत्तम आहे. फक्त पहिल्या महिन्यात मुले "छान आहे" एवढेच लिहितील, मित्राला दुखवायचे नसते म्हणून. आमच्याकडे नव्या मुलांना आम्ही सांगतो की शेरा हा विधान म्हणून न लिहिता प्रश्न म्हणून लिहा आणि त्यासोबत एक उदाहरण द्या. "हे चूक आहे" असे लिहिण्यापेक्षा "येथे मूग दिला तर काय येईल?" असे लिहावे. धागालेखिकेच्या मार्गदर्शकांनी नेमके हेच केले होते.

वऱ्हाडी पाहुणा

मी अमरावतीकडचा. तुमच्या तक्त्याविषयी एक विचारतो. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. बाजारात कोणी कोथिंबीर असा शब्द उच्चारला तर तो पुण्याहून आला आहे हे समजते. तुमच्या ॲपमध्ये सांभार सापडतो का? दुसरे असे की कोथिंबिरीचे दर काही बाजार समित्या क्विंटलवर देतात आणि काही नगावर, म्हणजे जुडीवर. हे दोन्ही एका रांगेत दाखवले तर शेतकऱ्याला एका ठिकाणी शेकड्यांत आणि दुसऱ्या ठिकाणी पाच-दहा रुपये असा भाव दिसेल आणि तो गोंधळेल.

उन्हाळ कांदा

परिमाणाचा मुद्दा आम्ही सोडवला होता. क्विंटल आणि नग यांचे दर वेगळ्या रकान्यांत जातात आणि त्यांची एकमेकांशी तुलना केली जात नाही, कारण जुडीचे वजन प्रत्येक बाजारात वेगळे असते आणि त्याचे रूपांतर करणे म्हणजे अंदाज करणे झाले असते.

सांभारविषयी मात्र तुमचा प्रतिसाद वाचून मी माझ्या जुन्या टिपणवहीत पाहिले. रिकाम्या शोधांच्या यादीत तो शब्द होता, "सांभार" आणि "सांबार" अशा दोन्ही लेखनांत. पहिल्याच आठवड्यात मी यादीतील शब्दांचे वर्गीकरण केले होते आणि त्यांच्यापुढे "खाद्यपदार्थ, शेतमाल नाही" असे लिहून ते गाळले होते. इडलीबरोबरच्या सांबाराशिवाय दुसरा अर्थ माझ्या डोक्यात आलाच नाही. मार्गदर्शकांनीही तो शेरा पाहिला होता आणि त्या मूळच्या सांगलीच्या असल्याने त्यांनाही तो योग्य वाटला. लासलगावच्या कंसाबद्दल मी वर अभिमानाने लिहिले, आणि अमरावतीच्या शब्दाबाबत माझ्याकडून तेच झाले.

आज दुपारी मी त्यांना फोन केला. त्यांनी तक्त्यात कोथिंबिरीपुढे दोन्ही लेखने घातली आणि "खाद्यपदार्थ" म्हणून मी गाळलेले इतर ६१ शब्द मला परत पाठवले आहेत. त्यांत "भेदरं" म्हणजे तर टोमॅटो आहे हे आता मला दिसते आहे. उरलेले शब्द मी येथे टाकण्याची परवानगी त्यांच्याकडून घेतली आहे. उद्या संध्याकाळी वेगळ्या प्रतिसादात देते. विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि कोकणातील वाचकांनी त्यांतील जे शब्द आपल्याकडच्या बाजारात ऐकू येतात, ते कोणत्या मालासाठी आणि कोणत्या तालुक्यात वापरतात, एवढे लिहावे ही विनंती.